बदली माणूस

सिडको, नाशिक
१४ जानेवारी १९९७

चि. शेखर,

अनेक आशीर्वाद. पाकिटात तिळगूळ घातला तर तिकडचे लोक तो काढून घेतात, असं मागच्या संक्रांतीला तू लिहिलं होतंस. तेव्हा नुसतंच गोड बोल.

परवा फोनवर तू विचारलंस, "दादा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." तीन मिनिटांच्या फोनात तेवढंच मावतं. आता खरं लिहिते. अर्धांगाला दोन महिने होत आले. उजवा हात, उजवा पाय गेले ते गेलेच. बोलणंही गेलं, पण सगळं नाही. जे राहिलं ते ऐकून डॉक्टरसुद्धा हसले. सत्तावीस वर्षं होमगार्डची कंपनी चालवली, त्यातले परेडचे हुकूम तेवढे जिभेवर शिल्लक आहेत. आडवं व्हायचं असलं की "विश्राम". मोरीत जायचं असलं की "तेज चल". चहात साखर कमी पडली तर "जैसे थे", म्हणजे कप माघारी. आणि रोज सकाळी सातला हजेरी. "तेजस्विनी." मी ओट्यापाशी असते, तिथूनच ओरडते, "हजर." मग "शेखर." मी सांगते, "गैरहजर, दादा. अमेरिकेत आहे." ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

तू पाठवलेलं चौथं जुनं पत्र पोचलं. दादांच्या या छंदाला सगळी कॉलनी हसते, तुला ठाऊकच आहे. परदेशी निघालेल्या मुलाकडे लोक कॅमेरा मागतात, घड्याळ मागतात. आपल्या बापाने मागितली तिकडच्या जुन्या नागरी पलटणींची सही केलेली पत्रं. तीही सेनापतींची नकोत, गावोगावच्या कॅप्टनांची. वाणी, लोहार, शेतकरी यांना पहिल्यांदा रांगेत उभं कुणी केलं आणि कसं केलं, ते त्यांना त्याच माणसांच्या सहीखाली वाचायचं होतं. "छापील पुस्तकात सगळे शूर असतात," असं म्हणायचे, "पत्रात कोण आला नाही ते कळतं." खंडेनवमीला त्यांची काठी, शिट्टी आणि त्या पत्रांची फाइल अजून पाटावर मांडते मी. हळदकुंकू प्लास्टिकच्या कव्हरावरून, कागदाला नाही. तेवढी अक्कल त्यांनी मला शिकवली आहे.

कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी बिनपगारी रजा मार्चअखेर संपते. पुढे काय, ते मला एकटीला ठरवता येत नाही. तू ये. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बोललेलं फाइलला लागत नाही, हेही दादांचंच.

तुझी,
ताई


लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
२ मार्च १९९७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. "जैसे थे"ला हसलो आणि मग जेवणाचं ताट बाजूला सारलं. ताई, मी आत्ता उठून यायला तयार आहे. पण ग्रीन कार्डाचा अर्ज नुकताच आत गेलाय आणि वकील म्हणतो, या काळात देश सोडलास तर परत येऊ देतील याची हमी मी घेत नाही. इतक्या वर्षांची मेहनत एका विमानात बुडायची. वर्षभर कळ काढ. कार्ड हातात पडलं की पहिलं तिकीट नाशिकचं.

तोवर दादांसाठी हे पाचवं पत्र. एका म्हातारीच्या घरच्या लिलावात मिळालं, गोधड्या आणि बरण्यांच्या मधे पडलं होतं. साल १७८१. कॅप्टन जेकब हॉलर नावाच्या माणसाने जिल्ह्याच्या वरिष्ठाला लिहिलंय. हा हॉलर एरवी खोगिरं शिवायचा. तेव्हाचा इथला कायदा असा: जिल्ह्यातल्या धडधाकट पुरुषांचे आठ गट पाडायचे, एकेका गटाची पाळी दोन महिन्यांची. ज्याला जायचं नसेल त्याने आपल्याऐवजी बदली माणूस द्यायचा. दादांना वाचून दाखवायला मी मराठी करून देतो:

"तिसऱ्या गटाची पाळी लावली. यादीत एकेचाळीस नावं, आले सव्वीस. त्यातल्या नऊ जणांना बूट नाहीत. पीटर लुट्झ इथे गिरणीवाल्याच्या मुलाच्या बदली उभा आहे. त्याआधी तो आणखी दोघांच्या बदली उभा होता. मागच्या पानगळीपासून घरी गेलेला नाही. ज्यांच्या जागी तो उभा राहिला, त्यांच्यापैकी कुणी त्याला सोडवायला आलं नाही. कायद्याने त्याला धरून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही."

एवढा मजकूर कारकुनाच्या सुबक अक्षरात आहे. खाली सहीच्या वर कॅप्टनच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या हाताची एक ओळ आहे: "त्याला मोकळं करा."

दादांना आवडेल. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सकाळच्या हजेरीला म्हण, "शेखर वाटेवर आहे."

तुझा,
शेखर


सिडको, नाशिक
२५ एप्रिल १९९९

चि. शेखर,

आशीर्वाद.

दोन वर्षं झाली, तू वाटेवरच आहेस. कॉलेजची नोकरी मी तेव्हाच सोडली, ते तुला कळवलं होतं. ते पाचवं पत्र दादा दर रविवारी वाचायला लावतात. शेवटच्या ओळीवर डावं बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "हो दादा, कॅप्टनचा हात." पीटर सुटला का, ते मात्र तू कधी लिहिलं नाहीस. मी तीनदा विचारलं.

आता मुद्द्याचं. दादांना अंघोळ घालायला भागीबाई येते, ती हरसूलची. तिच्या गावाजवळ मुलींची निवासी शाळा आहे, तिथे ग्रंथपालाची कायमची जागा निघाली. मी अर्ज केला, मुलाखतीला गेले आणि निवडली गेले. शेखर, एका खोलीत पुस्तकांचे गठ्ठे पडलेत, सुतळीसुद्धा सोडलेली नाही. मुली खिडकीतून आत बघत होत्या. त्या खोलीची किल्ली मी दहा मिनिटं हातात धरली होती आणि द्यावीशी वाटेना. आडपडदा कशाला ठेवू, मला ही जागा हवी आहे. राहायचं तिथेच. पंधरा जूनपर्यंत हजर व्हायचं. वयाची अट अडतीस आणि जुलैत मला अडतीस पुरी होतात. म्हणजे हे शेवटचं.

इथे माझं जग म्हणजे मोरी ते खाट आणि खाट ते ओटा. कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी बाहेरून कुलूप लावून पळत जाते आणि पळत येते. मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात उगाचच रडत होते, तर आतून हुकूम आला, "सावधान." मी डोळे पुसून गेले. त्यांना पाणी हवं होतं.

दादांना नेमणुकीचा कागद वाचून दाखवला. विचारलं, "जाऊ का?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग "पुंजा, पुंजा" करत राहिले, म्हणून सायकलवाल्या पुंजारामकाकांना बोलावलं. होमगार्डात ते दादांच्याच कंपनीत होते. आता ते रोज दुपारी येऊन बसतात, तेवढ्यात माझा बाजार होतो. पण दादांचं उत्तर मला कळलं. त्यांना मी जायला नको आहे.

तरीही तू आलास तर मी जाईन. एकदाच मागते आहे.

ताई


लँकेस्टर
३० मे १९९९

ती. ताईस सा. न.

तुझी निवड झाली हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू. पण जूनच्या पंधरापर्यंत कसं जमेल, ताई? कार्डाचं घोंगडं अजून भिजतच पडलंय. वकिलाला पुन्हा विचारलं. तो हात वर करतो. शाळेला लिहून मुदत वाढवून घेता येते का बघ ना. नाहीतर भागीबाईंना दिवसभर ठेवता येईल. एखादी नर्स बघ. काहीतरी मार्ग निघतोच, तू मन खट्टू करून घेऊ नकोस.

दादा तुला जाऊ देत नाहीत याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. या आजारात माणूस लहान मुलासारखा होतो.

सोबत सहावं पत्र पाठवतोय. यातला कॅप्टन बंदुकीच्या दारूऐवजी घोंगड्या मागतोय, मजा आहे. सही फार सुंदर आहे. दादा खूष होतील.

तुझा,
शेखर


सिडको, नाशिक
२० जून १९९९

शेखर,

पंधरा तारीख गेली. शाळेने दुसरी बाई घेतली.

सहावं पत्र मिळालं. कव्हरात घालून फाइलला लावलं. तुझं कौतुक आहे. मी माणूस मागितला की तू कागद पाठवतोस. दर वेळी. उंटावरून शेळ्या हाकतोस आणि वर सुंदर सही दाखवून आमच्या तोंडाला पानं पुसतोस. पीटर लुट्झच्या वेळी गिरणीवाल्याने निदान माणूस तरी शोधला होता. तू तोही शोधला नाहीस, कारण मी आयतीच घरात होते.

रागावले आहे, हे सरळ लिहिते, म्हणजे तुला अर्थ लावत बसायला नको. यापुढे मोठं पत्र लिहायचं माझ्याच्याने होईल असं वाटत नाही. दादांची तब्येत कळवत जाईन.

तेजस्विनी


लँकेस्टर
९ मार्च २००३

ती. ताईस,

चार वर्षं तू दिवाळीला दोन ओळींचं कार्ड टाकतेस: "दादा बरे आहेत. सकाळची हजेरी चालू आहे." मीही कागद पाठवत राहिलो, सातवा, आठवा. हे पत्र मी आठ दिवस लिहितोय आणि रोज फाडतोय. आता काय होईल ते होवो.

पीटर सुटला का, असं तू विचारत होतीस. मागच्या महिन्यात इथल्या इतिहास मंडळाच्या दप्तरात गेलो. त्या पलटणीचे हजेरीपट आहेत तिथे. हॉलरच्या पत्रानंतरच्या पाच पटांवर पीटरचं नाव आहे. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी बदली. सहाव्या पटावर नाही. गेला, मेला की पळाला, काही नोंद नाही. पण त्याला कुणी मोकळं केलं नाही, एवढं नक्की. कॅप्टनने लिहिलं आणि वरच्याने तो कागद खणात ठेवून दिला. त्या टेबलावरून उठून मी सरळ घरी आलो. कारण माझ्या खणातही एक कागद आहे. तो सोबत पाठवतोय. दादांचा आहे. तारीख बघ, ९ मे १९९९. पाकिटावरचा पत्ता पुंजारामकाकांच्या अक्षरात होता.

मला तो पंचवीस मेला मिळाला. म्हणजे तीस तारखेला "दादा तुला जाऊ देत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस" असं मी लिहिलं, तेव्हा तो माझ्या टेबलावर उघडा पडला होता. आणि ग्रीन कार्ड नोव्हेंबर ९८लाच आलं होतं.

का, याचं उत्तर आहे पण ते चांगलं नाही. मला त्या घराची भीती वाटली. मोरी ते खाट आणि खाट ते ओटा, हे तू लिहिलंस ना, ते वाचून मला तुझी दया यायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं तिथे मी नाही. मग एक महिना लपवलं म्हणून दुसरा महिना लपवावं लागलं. मी इथे मोकळा राहिलो असं समजू नकोस. पण तुझ्यापुढे ते कुठल्या तोंडाने सांगू?

दोन महिन्यांची रजा मिळू शकेल. येऊ का?

शेखर

[सोबतचा कागद. रेघांच्या वहीचं पान, अक्षर मोठं आणि डावीकडे झुकलेलं.]

आदेश
तेजस्विनी. पाहारा ता. १७ नोव्हेंबर ९६ पासून.
पाळी पूरी. मोकळी करा.
बदली शेखर.
१० जून चे आत हजर होणे.
(सही)


सिडको, नाशिक
१८ एप्रिल २००३

शेखर,

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी तो कागद घेऊन मोरीत जाऊन बसले. भागीबाई दार वाजवत होती, "ताय, काय झाला? बोल तरी." मी नळ सोडून दिला. सात शब्द बोलता येणाऱ्या माणसाने मला मोकळं केलं होतं आणि चार वर्षं मी मनातून त्याच्यावरच दात खात होते. जेवण भरवताना, कूस बदलताना. एकदा, तुलाच सांगते, मुद्दाम उशिरा पाणी दिलं.

पुंजारामकाकांना बोलावलं आणि कागद पुढे धरला. ते उभे राहिले, बसेनात. म्हणाले, "आकरा दिवस लागले साहेबांना. तू बाजारात गेली का लिहायचे. हात लय थरथरायचा, मी वही धरून बसायचो."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं, काका? चार वर्षांत एकदा तरी?"

"पोरी, पाहाऱ्यावरच्या माणसाला आधी सांगत नसतात. हुकूम बदली येणाऱ्याला जातो. तो समोर येऊन उभा राहिला, म्हंजे मग जुन्यानं जागा सोडायची. आधी सांगितलं तर तो आधीच निघून जातो अन् जागा मोकळी पडते. साहेबांनीच शिकवलेलं हाय. मला वाटलं, शेखरनं काय ते कळवलं आसंल अन् तूच थांबली आसंल."

दादांनाही तेच वाटत होतं. आत जाऊन मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही मला सोडलं होतं?" त्यांनी कागद ओळखला. डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. "हजर," म्हणाले. "तेजस्विनी हजर. हजर." शेखर, त्यांना वाटत होतं की हुकूम मिळूनही मी स्वखुशीने थांबले. मी नेमणुकीचा कागद वाचला तेव्हा ते भिंतीकडे वळले, ते मला त्यांचे डोळे दिसू नयेत म्हणून. आणि रोज सकाळी तुझं नाव पुकारत होते, ते विसरभोळेपणाने नव्हे. ते बदलीची वाट बघत होते.

तुझ्यावर ओरडायला बसले तर हे पत्र संपायचं नाही. हरसूलची ती जागा आता मला कुणी देणार नाही, बेचाळिसावं चालू आहे. पण भागीबाईला घेऊन मी परवा शाळेत जाऊन आले. कायमची नाही, मानधनावर ग्रंथालय आणि वसतिगृह असं दोन्ही सांभाळायचं आहे. मी हो म्हटलं. बारा जूनला मला तिथे पोचायचं आहे. गठ्ठ्यांतल्या निम्म्यांची सुतळी अजून तशीच आहे.

तू दोन महिन्यांची रजा म्हणतोस. दोन महिने त्या पलटणीचा नियम होता, आपल्या घराचा नाही. माझी पाळी साडेसहा वर्षांची झाली. तुझी किती, ते तू इथे आलास की दादांनाच विचार.

आदेशावरची तारीख मी बदललेली नाही. दहा जून तीच ठेवली आहे, फक्त साल हे. सही खरी आहे, हात मी ओळखते. तू समोर येऊन उभा राहिलास की किल्ली तुझ्या हातात देईन आणि निघेन. नाही आलास तरी निघेन. भागीबाई आणि पुंजारामकाका बघतील, आणि सकाळच्या हजेरीला तुझ्या नावापुढे काय बोलायचं ते पुंजारामकाका ठरवतील.

येताना कागद आणू नकोस.

ताई


सिडको, नाशिक
१३ जुलै २००३

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

शाळेच्या पत्त्यावर लिहितोय. मिळालं की दोन ओळी टाक.

एक महिना झाला. मी हुशार आहे असं मला वाटत होतं, ते मोडलं. मोरीच्या उंबऱ्यावर त्यांचा उजवा पाय अडकतो, तो आपल्या पायाने पुढे ढकलायचा, हे तू जाताना सांगितलं होतंस. मी विसरलो आणि दोघेही पडलो. लागलं नाही. खाली पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "जैसे थे."

कोपऱ्यावर दूध आणायला गेलो होतो. बाहेरून कुलूप लावलं, पळत गेलो, पळत आलो. किल्ली कुलपात फिरेना, घामाने हात ओला झाला होता. आतून आवाज नाही. ती अर्धी मिनिटं होती, ताई. दार उघडलं तर ते खिडकीतून रस्त्यावरची होमगार्डची पोरं बघत होते. सिंहस्थाच्या बंदोबस्ताला ट्रकमधून चालली होती. मी दाराशीच खाली बसलो. तू हे साडेसहा वर्षं केलंस. माफी मागावी तर एवढ्या मोठ्या गोष्टीला तो शब्द पुरत नाही, म्हणून मागत नाही. दूध वेळेवर आणतो.

माझी पाळी किती, ते त्यांना विचारलं. ते "विश्राम" म्हणाले आणि झोपले. नोकरीवर परत येत नाही, असं कळवून टाकलंय.

फाइल मी काढलेली नाही. फक्त त्यांचा आदेश कव्हरात घालून पाचव्या पत्राच्या मागे लावला. त्यांनी बोटाने दाखवलं, तिथेच.

एक सांगायचं राहिलं. महिनाभर सकाळी सातला ते आधी तुझंच नाव घ्यायचे. मी ओट्याजवळून सांगायचो, "हरसूलला आहे, दादा. पोचली. पुस्तकं सोडतेय." मग थोडं थांबून माझं नाव घ्यायचे. आज त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. एकदम माझंच घेतलं, आणि मी हजर म्हणालो.

तुझा,
शेखर